जर्मन शेफर्डला साखळी कशाला?

घरात जर्मन शेफर्डचं पिल्लू आलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे, "बांधून ठेवा, कडक होईल." बांधलेलं कुत्रं भित्रं होतं आणि भित्रं कुत्रं चावतं. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. कुकरची शिट्टी, काठी टेकत येणारे आजोबा, रेनकोट घातलेला दूधवाला, लांबून येणारा ढोल-ताशा, सगळं याच दिवसांत भेटायला हवं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन फिरवा. हे दिवस साखळीत गेले की प्रत्येक नवा माणूस त्याला शत्रू वाटतो. त्याच्या भुंकण्याला आपण राखण म्हणतो, पण ती भीती असते.

"हा मुळात पोलिसी कुत्रा," हाही असाच एक समज. घोडदळातले माजी अधिकारी माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी एप्रिल 1899 मध्ये या जातीची संघटना उभी केली, ती मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी. पोलिस आणि लष्कर नंतर आले. आपल्याकडे धनगराची कुत्री मुख्यतः लांडग्यापासून कळप राखतात. शेफर्डचं काम वेगळं होतं. कुंपण नसलेल्या शेतांमधल्या पट्ट्यात मेंढरं चरायची आणि हा कडेच्या सरीतून तासन्‌तास येरझारा घालायचा, मेंढरू पिकात जाऊ नये म्हणून.

हे कळलं की घरातलंही बरंच उलगडतं. पळणाऱ्या मुलांभोवती तो घिरट्या घालतो, टाचेला तोंड लावतो, कारण त्याला कळप हद्दीच्या आत ठेवायचा असतो. म्हणून ते चालवून घ्यायचं असं नाही. मुलांनी जागीच थांबावं, मोठ्यांनी त्याला बोलावून दुसरं काम द्यावं. आणि तीस-पस्तीस किलोचा कुत्रा कितीही गुणी असला, तरी लहान मुलाजवळ त्याला एकट्याला सोडायचं नाही.

त्याला काम हवंच. खाणं वाडग्यात न देता घरभर लपवा आणि नाकाने शोधू द्या. पंधरा मिनिटांत तो निवांत होतो. त्यामुळे "बंगला असेल तरच पाळावा" हेही खरं नाही. सकाळ-संध्याकाळ फिरवणारी, दिवसभर त्याच्याशी बोलणारी माणसं असतील तर तो फ्लॅटमध्ये सुखाने राहतो. अंगणात एकटा पडलेला मात्र झुरतो.

उन्हाळ्यात केस भादरू नका. बाहेरचे राठ केस ऊन अडवतात. रोज विंचरून आतली गळलेली लव काढली की पुरे.

शेवटचा गैरसमज कॅल्शियमचा. हाडं भक्कम व्हावीत म्हणून लोक आपल्या मनाने औषधं पाजतात. लहान पिल्लाच्या आतड्यांना जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि वाढणारी हाडं बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या खाण्यात ते मोजून घातलेलं असतं. वजन आटोक्यात ठेवा, हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा. कारण या जातीत खुब्याचा सांधा ढिला असण्याचा दोष आनुवंशिक आहे आणि वाढत्या वजनाने तो बळावतो. म्हणून पिल्लू घेण्याआधी त्याच्या आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा.