थर्मल गनचा आकडा आणि अंगातला ताप

एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने परवानगी दिली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर कोरोनाच्या साथीत अडकून पडलेले ऊसतोड मजूर बीड जिल्ह्यात परतू लागले. निघताना तपासणी, गावात आल्यावर पुन्हा तपासणी. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आशाताई, स्वयंसेवक घरोघर फिरू लागले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि कपाळासमोर धरायची थर्मल गन या दोन वस्तू महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा जवळून पाहिल्या.

साथ ओसरली, गन मात्र राहिली. आज ती दवाखान्यात आहे, शाळेच्या कपाटात आहे, बऱ्याच घरांत फ्रिजवर पडलेली आहे. तिच्याबरोबर तेव्हाचे समजही तसेच राहिले आहेत. त्यातले काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र आजारी माणसाला घरी बसवून ठेवतात, म्हणून हा खुलासा.

“त्यातून किरण निघतात, डोक्याला लावू नका”

2020 मध्ये हा मेसेज जगभर फिरला. गनमधले किरण मेंदूत जातात, तिथल्या ग्रंथीला इजा करतात, असा त्याचा मजकूर होता. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. किरण गनमधून निघत नाहीत, ते आपल्या अंगातून निघतात. जी वस्तू उबदार आहे ती डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं सतत बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली या किरणांचा शोध लावला तो थर्मामीटरच्याच मदतीनं. माणसाच्या त्वचेतून निघणाऱ्या या किरणांचा जोर साधारण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी सर्वात जास्त असतो. गनच्या तोंडाशी भिंग असतं आणि त्यामागे बारीकसा सेन्सर. भिंगातून आलेली उष्णता हा सेन्सर टिपतो, बस्स. मेंदूकडे काही जात नाही. गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला, डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला, कुणालाही तिच्या किरणांपासून धोका नाही.

या भीतीचा खरा तोटा वेगळाच झाला. लोक कपाळ पुढे करेनात, म्हणून “मावशी, हात पुढे करा” म्हणत मनगटावर गन धरायची पद्धत रूढ झाली. ती अजूनही दिसते. कपाळावरच्या त्वचेखालून, कानशिलाजवळून रक्तवाहिनी जाते, म्हणून तिथलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानाशी बऱ्यापैकी जुळवून सांगता येतं. हातांचं तसं नाही. थंडीत हात गार, चुलीपुढून उठलेल्या बाईचे हात गरम, मोटारसायकलवरून आलेल्याचे वाऱ्यानं थंड पडलेले. कंपनीनं माहितीपत्रकात कपाळ लिहिलं असेल तर मनगटाच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

“उन्हात लावा, सावलीत लावा, आकडा तोच येणार”

बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथं. गन शरीराच्या आतलं तापमान मोजत नाही. ती कपाळाच्या कातडीचं तापमान मोजते आणि त्यावरून आतलं किती असेल याचा हिशेब करते. साधारण हवेत कपाळाची त्वचा 33 ते 35 अंश सेल्सिअस असते, आत मात्र 37 च्या आसपास. मधला फरक गनमधलं सूत्र मिळवून देतं आणि पडद्यावर 98.4 असा विश्वासू आकडा झळकतो. हे सूत्र बसवलेलं असतं घरातल्या, बिनवाऱ्याच्या, मध्यम हवेसाठी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा थर्मामीटरच्या वापरासाठी खोलीचं तापमान 16 ते 40 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत असावी असं सांगितलं आहे. काही कंपन्यांची वरची मर्यादा 35 अंशच असते.

आता मे महिन्यातली आष्टी, गेवराई किंवा परळी डोळ्यांपुढे आणा. पारा 40 च्या वर जातो, 42 लाही पोचतो. फाट्यावर उन्हात उभं राहून, उन्हातच धरलेल्या गननं ताप मोजणं म्हणजे यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊन मोजणं. कपाळ तापलेलं असतं, सूत्र त्यात आपली भर घालतं आणि धडधाकट माणसाला 101 दाखवतं. शिवाय गन स्वतःही तापलेली असते. सेन्सर टिपतो तो समोरच्या वस्तूच्या आणि स्वतःच्या उष्णतेतला फरक. स्वतः किती गरम आहोत हे त्याला नीट कळलं नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर, मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली गन काढून लगेच लावू नये. जिथं मोजायचं त्या खोलीत ती 15 ते 30 मिनिटं राहू द्यावी.

चूक उलट्या बाजूनंही होते. घामानं निथळणारं कपाळ वाऱ्यानं गार पडतं. कूलरसमोर बसलेल्या माणसाचंही तसंच. अशा वेळी अंगात 102 ताप असला तरी गन 98 सांगू शकते. उपाय साधा आहे. माणसाला सावलीत, घरात आणा. डोक्यावरचा पदर, उपरणं, टोपी काढायला सांगा. कपाळ कोरड्या फडक्यानं टिपा आणि 10 ते 15 मिनिटं बसू द्या. कुंकू, अष्टगंध, बुक्का, वैजनाथाच्या दर्शनाहून आलेल्याच्या कपाळावरचं भस्म, तेल, बाम, हे सगळं त्वचेच्या आणि गनच्या मध्ये येतं. ते पुसायला कुणाला अवघड वाटत असेल तर काखेतला थर्मामीटर लावा, कपाळाचा आग्रह नको.

अंतराचंही तेच. बहुतेक वैद्यकीय गन 3 ते 5 सेंटिमीटरवरून, म्हणजे सुमारे दोन-तीन बोटांच्या अंतरावरून धरायच्या असतात. काहींना कमी लागतं, काहींना जास्त, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. हातभर अंतरावरून धरली की कपाळाबरोबर केस आणि मागची भिंतही मोजली जाते.

“लाल टिपका पडतो, ती जास्त पावरफुल”

साथीच्या दिवसांत तुटवडा होता आणि हाताला लागेल ती गन विकली गेली. त्यात कारखान्यांत वापरायच्या गनही होत्या. मोटरचं बेअरिंग, वाफेचा पाइप, बॉयलरचं आवरण किती तापलंय हे लांबून बघण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. साखर कारखाना असो की परळीचं औष्णिक विद्युत केंद्र, अशा जागी त्या उत्तम काम करतात. त्या उणे 50 पासून 300-400 अंशांपर्यंत मोजतात, पण त्यांची अचूकता साधारण अधिक-उणे 2 अंश सेल्सिअस इतकीच असते. फॅरनहाइटमध्ये हा फरक 3.6 अंशांचा. म्हणजे कपाळ जितकं गरम आहे त्यापेक्षा साडेतीन अंश वर किंवा साडेतीन अंश खाली, काहीही दाखवलं तरी यंत्र आपल्या शब्दाला जागलं असंच म्हणावं लागेल. ताप बघायला हा फरक फार मोठा आहे. वैद्यकीय गनमध्ये तो सहसा 0.2 ते 0.3 अंश सेल्सिअसच्या आत असतो.

तो लाल टिपका लेझरचा असतो. नेम धरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, मोजणीशी त्याचा संबंध नाही, आणि तो डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते. किरणांच्या भीतीत काही तथ्य असेल तर ते एवढंच, आणि तेही या कारखान्याच्या गनपुरतं. तिनं माणसाचा ताप मोजूच नये. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. विकत घेताना खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि ‘शरीराचं तापमान’ हा स्पष्ट उल्लेख बघा.

गन समोरच्या पृष्ठभागावर किती अवलंबून असते, हे घरीच बघता येतं. स्टीलच्या चकचकीत तांब्यात कढत पाणी घ्या. गन ‘सरफेस’, म्हणजे पृष्ठभागाचं तापमान दाखवणाऱ्या मोडवर ठेवून तांब्याच्या बाहेरच्या अंगावर धरा. हाताला चटका बसेल इतका तांब्या तापलेला असतो, आकडा मात्र पुष्कळ कमी येतो, कारण चकचकीत धातू स्वतःची किरणं फार थोडी सोडतो आणि आजूबाजूचीच परतवतो. आता त्याच तांब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर मोजा. आकडा एकदम वर चढतो. पाणी तेच, गन तीच.

“94 आलं, म्हणजे ताप नाही”

बऱ्याचदा हा आकडा मोडचा असतो. गनवर ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात. सरफेसवर ती कातडीचं तापमान जसंच्या तसं दाखवते, म्हणून 92, 93, 94 असे आकडे येतात. पडद्यावर मोड कोणता आहे आणि एकक सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, हे आधी बघावं. बॅटरी उतरली असेल तरी आकडे भरकटतात.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. ताप चढत असताना हुडहुडी भरते तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय, कपाळ गार लागतं आणि आतलं तापमान मात्र झपाट्यानं वर जात असतं. मलेरियाच्या रुग्णात हे नेहमी दिसतं. नेमक्या त्याच वेळी गन “ताप नाही” म्हणते. थरथरणाऱ्या माणसाचा ताप काखेतल्या डिजिटल थर्मामीटरनंच बघावा आणि थोड्या वेळानं पुन्हा बघावा. तासाभरापूर्वी पॅरासिटामॉल घेतलं असेल तर कुठलाच थर्मामीटर खरं सांगणार नाही. आणि ताप नसणं म्हणजे आजार नसणं नव्हे. कोरोनाची लागण झालेल्या कितीतरी जणांना ताप आलाच नव्हता.

98.6 या ‘नॉर्मल’ आकड्याचंही फार मनावर घेऊ नये. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी 1868 मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे तो आकडा रूढ झाला, पण निरोगी माणसाचं तापमानही पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. साधारणपणे 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअसपासून ताप धरतात. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा थोडं कमी येतं, हे लक्षात ठेवावं. तीन वेळा मोजून आकडे एकमेकांपासून दूर जात असतील तर त्यातला सोयीचा निवडू नये.

ऊन लागलेला माणूस

उन्हातून आलेला माणूस बरळतोय, गोंधळलाय, चक्कर येऊन पडलाय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजावा. यात शरीराचं आतलं तापमान 40 अंश सेल्सिअस, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं. इथं गनच्या आकड्याची वाट बघणं घातक आहे. घाम आलेला असेल, कुणी तोंडावर पाणी मारलेलं असेल, तर गन सहज 100 दाखवेल आणि घरचे म्हणतील, “झोपू द्या, उतरेल.” तसं करू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख, जांघेत ओली फडकी ठेवा आणि 108 ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष असतो. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठायला एखाद्या वस्तीवरून तास-दीड तास लागू शकतो. तेवढा वेळ अंग गार करत राहणं हाच पहिला उपचार.

तान्हं बाळ

झोपेतल्या बाळाला न उठवता ताप बघता येतो म्हणून गन सोयीची वाटते, आणि मोठ्या मुलांसाठी प्राथमिक अंदाज घ्यायला ती चालेल. नवजात बाळासाठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. नवजात बाळात तापाइतकाच अंग गार पडण्याचा धोका असतो. काखेत 36.5 ते 37.5 सेल्सिअस, म्हणजे 97.7 ते 99.5 फॅरनहाइट, हे त्याचं ठीक तापमान. त्याच्या खाली गेलं तरी आईनं छातीशी धरून ऊब द्यावी आणि दवाखान्यात कळवावं. घरी येणाऱ्या आशाताई बाळाच्या काखेत डिजिटल थर्मामीटर लावतात तो याचसाठी. ही भेट जुनाट पद्धत म्हणून टाळू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध न देता डॉक्टरांकडेच न्यावं.

जनावरांबद्दलही विचारलं जातं, विशेषतः लम्पीच्या साथीपासून. गाईचं तापमान मुळातच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं आणि तिच्या अंगावर केस असतात. माणसासाठीच्या गनचं सूत्र तिथं लागू पडत नाही. पशुवैद्यक गुदद्वारातून मोजतात तेच माप खरं.

गनची निगा फार नाही. भिंगाला बोट लावू नये. आपल्याकडच्या धुळीत ते आठवड्यातून एकदा मऊ कापसाला थोडं अल्कोहोल लावून पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

घरात गन असेल तर असू द्या, झटपट अंदाजाला ती चांगली आहे. पण तिच्याशेजारी शे-दोनशे रुपयांचा काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर जरूर ठेवा. गन काही म्हणो, माणूस आजारी दिसत असेल तर हा थर्मामीटर काखेत लावा, बीप वाजेपर्यंत थांबा आणि तो आकडा वेळेसह कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.