पाळी अनियमित, मूल हवे आहे : डॉक्टर कसे निवडावेत?

लग्नाला दीड-दोन वर्षे झाली की घरात विचारणा सुरू होते. सुनेची पाळी मात्र दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत असते. सोनोग्राफी केली की अहवालात ‘पीसीओएस’ किंवा ‘पीसीओडी’ ही अक्षरे दिसतात आणि घरात घबराट पसरते. शेजारीण पुण्या-मुंबईचे मोठे केंद्र सुचवते, मामी कुणाचा तरी काढा सुचवते. सहा महिने एका डॉक्टरांकडे, चार महिने दुसऱ्यांकडे असे होत होत तीन-चार वर्षे निघून जातात. या आजारात योग्य डॉक्टर वेळेवर गाठणे हाच अर्धा उपचार आहे. म्हणून आज त्याविषयी.

आजार समजून घ्या

अमेरिकेतील शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील शंभरांपैकी सुमारे ८ ते १३ स्त्रियांना तो असतो. तेव्हा हा काही दुर्मीळ रोग नव्हे.

सोनोग्राफीत बीजकोशावर जे बारीक फुगे दिसतात, त्यांना लोक ‘गाठी’ म्हणतात. त्या गाठी नसून पूर्ण वाढ न झालेल्या स्त्रीबीजांच्या पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात. शरीरातील संप्रेरकांचा तोल बिघडल्याने दर महिन्याला बीज पक्व होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते आणि दिवस राहण्यास उशीर होतो. ‘मूल होणारच नाही’ असा याचा अर्थ मुळीच नाही. यापैकी बहुतेक स्त्रियांना मातृत्व लाभते. कुणाला आपोआप, कुणाला औषधाने.

केवळ सोनोग्राफीवरून निदान पक्के होत नाही, हेही लक्षात ठेवावे. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरके वाढल्याची चिन्हे (हनुवटीवर राठ केस, फार मुरुमे किंवा रक्ततपासणीतील वाढ) आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे विकार नाहीत ना, हे पाहावे लागते. कारण त्यांच्यामुळेही पाळी बिघडते आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे

पहिल्याच भेटीसाठी मोठ्या शहरात धाव घेण्याची गरज नसते. एम.डी., एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.जी.ओ. ही स्त्रीरोगशास्त्रातील पदवी वा पदविका असलेले डॉक्टर आता तालुक्याच्या गावीही असतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही ही सोय असते. डॉक्टरांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर असावा, असा नियम आहे. तो पाहून घ्यावा. ‘खात्रीशीर संतती’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. वंध्यत्वावरील औषधांच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे.

केव्हा जावे? पाळी नियमित असेल तर एक वर्ष आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने वाट पाहून जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पण पाळीच दोन-तीन महिन्यांनी येत असेल, तर वाट पाहत बसू नये. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना भेटावे.

चांगल्या डॉक्टरांची ओळख

चिठ्ठी लिहिण्याआधी जे प्रश्न विचारतात, ते डॉक्टर चांगले. पाळीच्या गेल्या वर्षाच्या तारखा, वजन, रक्तदाब, आई-वडिलांचा मधुमेह, चालू असलेली औषधे या सर्वांची ते चौकशी करतील. मुरुमांवरची आणि केसांवरची काही औषधे गर्भाला घातक ठरतात. ती आधी बंद करावी लागतात, म्हणून काहीही लपवू नये.

ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी ते सांगतील, कारण या स्त्रियांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतील. त्यामुळे बाळाच्या मेंदूतील व मणक्यातील दोषांचा धोका कमी होतो.

आणि महत्त्वाचे म्हणजे, ते पतीलाही बोलावतील. वीर्यतपासणी ही साधी व स्वस्त तपासणी आहे. तिच्याआधी दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळावा लागतो, एवढेच. ती न करता केवळ पत्नीला वर्षभर गोळ्या देत राहणे म्हणजे तिच्यावर अन्याय आणि वेळेचा अपव्यय. ‘आमच्या मुलात काही दोष नाही’ असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

वजन जास्त असेल तर डॉक्टर ते कमी करायला सांगतील. पाच टक्के घटीनेही पुष्कळदा पाळी सुधारते. सत्तर किलोच्या स्त्रीला म्हणजे साडेतीन किलो. पण सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. ‘बारीक व्हा, मग या’ एवढेच सांगून परत पाठवणारे डॉक्टर असतील, तर दुसरा सल्ला घ्यावा.

औषधाची विनाकारण भीती

बीज तयार होण्यासाठी आज सर्वप्रथम लेट्रोझोल हे औषध दिले जाते. पुडीतील कागदावर ‘स्तनाच्या कर्करोगासाठी’ असे वाचून अनेक घरांत ते फेकून दिले जाते. मूळ उपयोग तोच, हे खरे. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती. मात्र २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांच्या अभ्यासात जुन्या क्लोमिफीनपेक्षा ते सरस ठरले. क्लोमिफीन घेणाऱ्या शंभरांत सुमारे १९ जणींना, तर लेट्रोझोल घेणाऱ्या शंभरांत सुमारे २७ जणींना मूल झाले. २०१७ मध्ये आपल्याकडील बंदी उठली. हे औषध पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायचे असते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ते कधीही घेऊ नये. बीज तयार होते की नाही, हे सोनोग्राफीने किंवा रक्ततपासणीने पाहणारे डॉक्टर हवेत.

मोठे केंद्र केव्हा?

‘हा उपचार किती महिने करायचा आणि गुण न आल्यास पुढे काय?’ हा प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारावा. साधारण सहा पाळ्यांत बीज तयार होऊनही दिवस राहिले नाहीत, गर्भनलिका बंद निघाल्या किंवा पतीच्या तपासणीत मोठा दोष आढळला, तर वंध्यत्वतज्ज्ञांकडे जावे. वय पस्तिशीपुढे असल्यास त्याहून लवकर जावे. साखर किंवा थायरॉइड फार बिघडलेले असेल, तर संप्रेरकतज्ज्ञांचीही मदत लागते.

टेस्ट ट्यूब बेबी केंद्राची २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे विचारावे. पीसीओएसच्या स्त्रियांत इंजेक्शनांनी बीजकोश एकदम फुगून पोटात पाणी होण्याचा धोका अधिक असतो. तो टाळण्यासाठी काय करता आणि एका वेळच्या उपचाराचा एकूण खर्च किती, हेही विचारावे. पहिल्याच भेटीत, कोणतीही तपासणी न करता टेस्ट ट्यूबचा आग्रह धरला जात असेल, तर घाई करू नये.

फाइल सांभाळा

सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलीत ठेवावेत. डॉक्टर बदलताना मागितल्यावर ७२ तासांत कागद मिळावेत, असा नियम आहे. त्यामुळे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

दिवस राहिले म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. या स्त्रियांना गरोदरपणात मधुमेह व रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. बाळंतपण जिथे करायचे, तिथल्या डॉक्टरांना पीसीओएस असल्याचे पहिल्याच भेटीत सांगावे आणि साखरेची तपासणी लवकर करून घ्यावी. पुढच्या भेटीला जाताना भगिनींनी पाळीच्या तारखांचा कागद आणि पतीला, दोघांनाही बरोबर न्यावे.