खेळाच्या नकाशावर मालवण

पोकेमॉन गो म्हटलं की मान खाली घालून रस्त्याने चालणारी पोरंच डोळ्यांसमोर येतात. जुलै 2016 मध्ये हा खेळ परदेशात आला, भारतात त्याच वर्षीच्या डिसेंबरात. खऱ्या जागी जाऊन खेळायचे असे मोबाईल-खेळ माणसाला एकलकोंडं करतात, ही समजूत तेव्हापासूनची. प्रत्यक्षात 2017 पासून या खेळात ‘रेड’ नावाच्या लढती आहेत आणि त्यांतला दांडगा पोकेमॉन एकट्यादुकट्याला आवरत नाही. ठरल्या वेळी चार-पाच जणांना जमावंच लागतं. 2020 पासून घरबसल्याही भाग घेता येतो, पण ज्या जागी लढत असेल तिथे जाणाऱ्याला रोज एक प्रवेश फुकट मिळतो.

महागडा चष्मा लागतो, हाही गैरसमजच. पोकेमॉन वाळूत उभा असल्यासारखा दाखवणारा कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. खेळ चालतो तो जीपीएसवर.

मालवणात हमखास येणारा आक्षेप असा: ‘ह्यां मुंबयच्या पोरांचा. आमच्या गावात काय आसा?’ गावात भरपूर आहे, नकाशावर नाही. खेड्यांत खेळाचे थांबे, म्हणजे खेळ ज्या खऱ्या जागांना जोडलेला असतो त्या, फार कमी आहेत, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने 2017 मध्येच दाखवलं. कारण हे थांबे आले ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून, आणि ते सुचवणारे खेळाडू बहुतेक शहरांतले. थांबे कंपनीच ठरवते असं लोक धरून चालतात. पण मुरलेला खेळाडू जागेचा फोटो आणि थोडी माहिती ‘वेफेरर’ या थांबे सुचवायच्या व्यवस्थेकडे पाठवतो आणि इतर खेळाडू ती तपासतात. खासगी घरं, शाळा, पायी सुरक्षित जाता येत नाही अशा जागा बाद होतात.

मला या सगळ्यात मोलाची वाटते ती माहितीची ती चार ओळींची जागा. मोरयाचा धोंडा हा खडक घ्या. 25 नोव्हेंबर 1664 ला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाची सुरुवात झाली, त्या वेळची पूजा इथे झाली. किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. 2025 मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, पण दांडी किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या घुमटीची गोष्ट कुठल्याच यादीत नसते. ती लिहायची तर नातवाला आजोबांशेजारी बसावंच लागतं, शेजारच्या वाडीतही विचारून यावं लागतं. डिसेंबर 2017 पासून खेळाचा मूळ नकाशाही ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. त्यात कुणालाही भर घालता येते, म्हणजे कॉलेजातली मुलं गावच्या पाखाड्या आणि पाणंदी मराठी नावांनिशी नोंदवू शकतात.

देवळात मोबाईलवाल्यांची गर्दी होईल ही भीती समजण्यासारखी आहे. पण थांबा 80 मीटरवरून वापरता येतो, गाभाऱ्यापर्यंत जायची गरज नाही. हे अंतर 40 मीटरवर आणायला सुरुवात झाली तेव्हा खेळाडूंनीच एकजुटीने विरोध केला आणि 2021 मध्ये 80 मीटर कायम करून घेतले.

उलट टोकाची समजूतही खोटी आहे: खेळ आला की गाव आपोआप जोडलं जातं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या 2016 च्या अभ्यासात खेळणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 955 ने वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ पुसली गेली. म्हणून मिळून खेळायची गावातली फेरी टिकवायला वेळ ठरवणारं, नव्या पोराला हाक मारणारं गावातलंच कुणीतरी हवं. मालवणात त्याला भरती-ओहोटीही ठाऊक हवी, कारण ओल्या खडकावर स्क्रीन बघत चालणं जिवावर बेततं. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, तेव्हा फेरी बाजारपेठेतून राजकोटापर्यंतच न्यावी.