कडुनिंबाची वडी आणि हातावरचे जंतू

बचत गटांच्या प्रदर्शनात साबणाच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक हिरवट वडी उचलतं, नाकाशी नेतं, उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, “वास छान आहे हो ताई, पण याने जंतू मरतात का?” ताई ठसक्यात सांगतात, “मरणार नाहीत तर काय? कडुनिंब आहे त्यात!” प्रश्न थोडासा चुकलेला असतो आणि उत्तर त्याहून जास्त.

साबण जंतूंना मारतो कमी, सोडवतो जास्त. हाताच्या कातडीवर तेलकट थर असतो. मळ आणि जंतू त्यातच अडकलेले असतात, आणि नुसतं पाणी त्यावरून ओघळून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. हात चोळले की थर सुटतो आणि त्यातल्या बिऱ्हाडासकट मोरीत जातो. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. साबणाने ते फाटतं, त्यामुळे तिथे विषाणूचा खरोखर नाश होतो. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नाही. त्याला साबण फक्त घालवून देतो, पण हाताच्या दृष्टीने तेवढंही पुरतं.

मग ही वडी कारखान्यात झाली की कुणाच्या गच्चीवर, याने काय बिघडतं? काही नाही. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र आलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, ही प्रक्रिया दोन्हीकडे एकच. कारखानदार बरेचदा ग्लिसरीन काढून वेगळं विकतात, घरच्या वडीत ते राहतं, एवढाच काय तो फरक.

‘अँटिबॅक्टेरियल’ शब्दाचा दबदबा मात्र मोठा. वेष्टनावर तो नसला की वडी कच्ची वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसह १९ जंतुनाशक घटक घरगुती वापराच्या साबणांतून बाद केले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत, असं कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. त्याच्या बऱ्याच आधी स्टीफन लुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये एक चाचणी केली होती. काही घरांना साधा साबण दिला, काहींना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बन घातलेला, आणि हात कसे-कधी धुवायचे ते शिकवलं. हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्याने घटला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाबही निम्म्याहून कमी झाले. दोन साबणांत फरक दिसला नाही. २००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. चाचणीतला साबण घरगुती नव्हता हे खरं. पण गुण जंतुनाशकाचा नसून साबणाचा आणि धुण्याचा होता, हे त्यातून कळतं.

कडुनिंब-हळदीचा युक्तिवादही इथेच लटका पडतो. वडीत चिमूटभर घातलेली पूड हातावर राहते जेमतेम वीस सेकंद, आणि लगेच धुतली जाते. शिवाय साबण अल्कधर्मी, पीएच साधारण ९ ते १०. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो हे घरोघरी पाहिलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन अशा वातावरणात फार काळ तग धरत नाही. रंगासाठी आणि हौसेसाठी हळद घालायला कुणाची ना नाही. पण ‘पीएच ५.५’ असं लेबल लावलेली कॉस्टिकची वडी दिसली, तर ते लेबल खोटं समजावं. त्या पीएचला साबण साबण म्हणून टिकतच नाही.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर हद्दच आहे! कॉस्टिकशिवाय तेलाचा साबण होत नाही. फक्त माप बरोबर असेल, तर तयार वडीत कॉस्टिक शिल्लक उरत नाही. घरच्या साबणाचा खरा धोका इथे आहे, जंतूंपाशी नाही. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे १३६. खोबरेलाचं माप शेंगदाण्याला लावलं, तर उरलेला कॉस्टिक हात सोलून काढतो. म्हणून जाणकार पाच टक्के तेल मुद्दाम जास्तीचं ठेवतात आणि वाटी-चमच्याऐवजी वजनकाटा वापरतात. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. आणि जर्मनचं पातेलं दूरच ठेवायचं: अॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो.

“सगळ्यांनी हात लावलेल्या वडीवर जंतू बसतात,” ही तक्रारही जुनी. बसतात, हे खरंच आहे. १९८८च्या एका प्रयोगात वडीवर मुद्दाम दोन प्रकारचे जिवाणू लावले, वापरातल्या वडीवर आढळतात त्याच्या सुमारे ७० पट, आणि सोळा जणांना त्याच वडीने हात धुवायला लावलं. एकाच्याही हातावर ते सापडले नाहीत.

याउलट लोक ज्या बाटलीला स्वच्छ समजतात, तिथेच घोळ होतो. वडी किसून पाण्यात विरघळवायची, पंपाच्या बाटलीत भरायची, संपत आली की वरून आणखी पाणी, हा काटकसरीचा उद्योग अनेक घरांत चालतो. पातळ, टिकवणारं काही न घातलेलं साबणपाणी जिवाणूंना मानवू शकतं. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका प्राथमिक शाळेत पुन्हापुन्हा भरायच्या सगळ्या १४ साबणपात्रांमध्ये जिवाणू निघाले; २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हात धुतल्यावर काही प्रकारचे जिवाणू आधीपेक्षा २६ पट वाढलेले दिसले. तो साबण बाजारचाच होता.

फेसाचंही तसंच. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस येत नाही, म्हणून वडी वाईट ठरवली जाते. खरं तर पाण्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटून त्याची साय करतं. खोबरेलाचा साबण त्यातल्या त्यात बरा. तो समुद्राच्या पाण्यातही फेसतो. गरम पाण्याचा आग्रहही सोडून द्यावा. २०१७च्या एका अमेरिकी प्रयोगात १५ अंशांच्या पाण्याने आणि ३८ अंशांच्या पाण्याने हात सारखेच स्वच्छ झाले.

तेव्हा प्रदर्शनातल्या ताईंना विचारायचं ते जंतूंचं नव्हे. तेल कोणतं, कॉस्टिक वजन करून घातला का, आणि वडी पाडून किती दिवस झाले, हे विचारावं. कॉस्टिकचं काम बहुतेक एक-दोन दिवसांत संपतं, पण वडी सुकून कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. उत्तर “परवाच पाडली” असं आलं, तरी घ्यायला हरकत नाही. महिनाभर हवेशीर फळीवर ठेवावी आणि मग वापरायला काढावी, भोकं असलेल्या साबणदाणीत. पाण्यात बसलेली वडी आठवड्यात लगदा होते आणि पैसे मोरीत जातात.