वंध्यत्वात ‘डाँग क्वाई’ देण्यापूर्वी

गलाई व्यवसायानिमित्त परप्रांती राहणारी माणदेशातील दांपत्ये जत्रेस म्हसवडला येतात. अशाच एका रुग्णेने अपत्यप्राप्तीसाठीच्या चिनी कॅप्सूल पुढे ठेवल्या. त्यांत डाँग क्वाई, म्हणजे अँजेलिका सायनेन्सिसचे मूळ होते. चिनी वैद्यक त्यास रक्तपोषक व आर्तवनियामक मानते. तथापि त्याने गर्भधारणा होतेच, असा भक्कम पुरावा नाही. वॉरफॅरिनसमवेत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भिणीस ते वर्ज्यच. म्हणून पाळी लांबताच बंद करावे.

नामसादृश्य त्याहून घातक. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये स्थौल्यावरील औषधांत ‘फांग ची’ म्हणून अॅरिस्टोलोकिया गेली आणि अनेक स्त्रियांची वृक्के निकामी झाली. वनस्पतीचे शास्त्रीय नाव नसलेली पुडी औषधालयचालकांनी ठेवू नये. वैद्यांनी तर प्रथम पतीची शुक्रपरीक्षा झाली काय, हेच विचारावे. आमच्या रुग्णेच्या पतीची झालेली नव्हती.