तोच श्वास, पुन्हा पुन्हा

मालवणजवळ तारकर्लीला बुडी मारून आलेल्या कुणालाही विचारा. रंगीत माशांच्या गोष्टी तो सांगेलच. पण त्याच्या कानांत घुमत असतात ते आपल्याच श्वासाचे बुडबुडे. पाठीवरच्या टाकीतली हवा घ्यायची आणि सोडलेला श्वास समुद्राला देऊन टाकायचा. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये तयार केलेल्या साधनापासून हीच रीत चालत आली आहे.

आता गंमत पाहा. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. सोडलेल्या श्वासातही तो १६-१७ टक्के शिल्लक असतोच. म्हणजे बहुतेक सारा फुकटच जातो! त्यातून ३० मीटर खोलीवर दाब चौपट, म्हणून टाकीही चौपट वेगाने रिकामी होते. मग हाच श्वास अडवून पुन्हा का वापरू नये?

हेन्री फ्लूस या इंग्रजाने १८७८ साली नेमकं हेच केलं. आजचा ‘रिब्रीदर’ हे त्याच कल्पनेचं सुधारलेलं रूप. सोडलेला श्वास सोडा लाइमच्या दाण्यांतून जातो, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, आणि खर्च झालेला प्राणवायू एका लहान टाकीतून भरून निघतो. बुडी दोन-तीन तास चालू शकते. बुडबुडे नाहीत, म्हणून मासेही बिचकत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग घेऊनच टाकू! हे यंत्र पूर्वी मुख्यतः आरमारी पाणबुड्यांकडे असे. हौशी माणसाच्या हाती ते खऱ्या अर्थाने आलं १९९० नंतरच्या दशकात. ‘इन्स्पिरेशन’ हे ब्रिटिश यंत्र १९९७ साली विक्रीला आलं. आज युरोप-अमेरिकेतल्या अनेक कंपन्या अशी यंत्रं बनवतात. नव्या यंत्राला साधारण सहा ते दहा हजार डॉलर पडतात, म्हणजे पाच लाखांहून जास्त रुपये. परदेशातून मागवलं तर वाहतूक आणि जकात वेगळी. खर्च तिथेच थांबत नाही. शिक्षण त्या-त्या यंत्राचं स्वतंत्र घ्यावं लागतं. सोडा लाइम काही तासांत निकामी होतो, आणि प्राणवायू मोजणारे सेन्सर साधारण वर्षा-दीड वर्षाने बदलावे लागतात. म्हणून जुनं यंत्र स्वस्तात मिळालं, तरी सेन्सरची तारीख आधी बघा.

पण खरी किंमत पुढेच आहे. साधी टाकी संपत आली की श्वास जड होतो, माणूस सावध होतो. रिब्रीदरमध्ये प्राणवायू कमी पडला तर काहीच जाणवत नाही, शुद्धच हरपते. जास्त झाला तर झटके येतात. १९९८ ते २०१० मधल्या मृत्यूंचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. साध्या टाकीच्या मानाने इथे मृत्यूचा धोका सुमारे दहापट असावा, असा त्याचा अंदाज आहे. म्हणूनच जाणते पाणबुडे संकटासाठी साध्या हवेची टाकीही बरोबर नेतात.

तेव्हा सुट्टीत दोन-चार बुड्या मारणाऱ्याला साधी टाकी पुरेशी आहे. मात्र वर्षानुवर्षं समुद्रात उतरणारे, जलचरांची छायाचित्रं घेणारे, खोल बुडालेली जहाजं पाहणारे यांनी याचा विचार जरूर करावा. फक्त एवढं ध्यानात ठेवा: पैसे एकदा मोजून भागतं, तपासणी मात्र प्रत्येक बुडीआधी, न कंटाळता करावी लागते.