पांढऱ्या डोळ्यांच्या मुली : जनुकशास्त्रातली पीएच.डी. कशी घडते

मागच्या व्याख्यानानंतर पुष्कळांनी एकच विचारलं, जनुकशास्त्रात पीएच.डी. करताना माणूस चार-पाच वर्षं नेमकं करतो काय? नेट आणि प्रवेशाची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, त्यात आज आपण शिरणार नाही. एवढंच लक्षात ठेवू, की जेआरएफ-एसआरएफ धरून फेलोशिप पाच वर्षांची. घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू असतं.

आज आपण एकच प्रबंध बघू. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, थॉमस हंट मॉर्गन यांची फळमाश्यांची प्रयोगशाळा. एक छोटी खोली, दुधाच्या बाटल्या, त्यांत पिकलेली केळी आणि माश्या. कॅल्विन ब्रिजेस तिथे आला तो बाटल्या धुवायच्या कामाला! पुढे १९१६ साली त्याच्या पीएच.डी.च्या कामाचा लेख 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, पहिलाच म्हणून छापला गेला.

काम काय होतं? पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांचा संकर. डोळ्यांच्या या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि लाल रंग प्रभावी. मुलीला एक एक्स आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून मुली लाल डोळ्यांच्या. मुलाला एक्स फक्त आईकडून, म्हणून मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे. पण हजार-दोन हजारांत एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघायची, एखादा मुलगा लाल डोळ्यांचा.

आता बघा, इथे दोन वाटा फुटतात. 'काहीतरी भेसळ झाली' म्हणून माशी फेकून देता येते. ब्रिजेसने फेकली नाही. त्याने विचार केला, की अंडपेशी तयार होताना आईची दोन्ही एक्स वेगळी झालीच नसतील, तर एका अंडपेशीत दोन एक्स जातील, दुसरीत एकही नाही. पहिलीला वडिलांचं वाय मिळालं की पांढऱ्या डोळ्यांची एक्सएक्सवाय मुलगी. दुसरीला वडिलांचं एक्स मिळालं की लाल डोळ्यांचा मुलगा, आणि वाय नसल्यामुळे वांझ. (माणसात एक्सएक्सवाय पुरुष असतो, माशीत मात्र मादी. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो.) मग त्याने अशा माद्यांच्या वंशातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, आणि जादा वाय तिथे खरोखरच होतं. जनुकं गुणसूत्रांवर असतात, हे तोवर अनेकांना पटलेलं नव्हतं. त्याचा हा पुरावा.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात भेसळच जास्त वेळा असते हो! आमच्याकडे एका विद्यार्थिनीला अशाच पांढऱ्या डोळ्यांच्या मुली मिळाल्या. चार महिने ती आणि आम्ही दोघंही हवेत होतो. मग कळलं, संकरासाठी घेतलेल्या माद्या कुमारी नव्हत्या. आपल्याच बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या भावांशी त्यांचं मीलन आधीच झालं होतं. कोषातून बाहेर आल्यावर पंचवीस अंश तापमानात साधारण आठ तासांच्या आत मादी वेगळी काढावी लागते. त्या दिवशी सकाळची फेरी चुकली होती. चूक तिची एकटीची नव्हती, वही आम्हीही तपासली नव्हती.

तिच्या नोंदीत उत्तर पहिल्या आठवड्यापासून होतं. लाल डोळ्यांचा एकही मुलगा नव्हता. आई पांढऱ्या डोळ्यांची असेल तर बाप कुठलाही असो, नेहमीच्या रीतीने लाल मुलगा होतच नाही. म्हणजे मीलन आधी झालं असेल तर फक्त पांढऱ्या मुली दिसतील, आणि गुणसूत्रं चिकटून राहिली असतील तर कधी ना कधी लाल मुलगेही दिसायला हवेत. आम्ही मुलींवरच खूश होतो, मुलगे मोजले पण वाचले नाहीत.

आता आमच्याकडे अपवाद दिसला की त्याच दिवशी तीन गोष्टी होतात. त्याच्या भावंडांची पूर्ण मोजणी, आईबापांच्या मूळ बाटलीची तपासणी, आणि तोच संकर नव्या कुमारी माद्या घेऊन पुन्हा. फळमाशीची पिढी दहा दिवसांची, त्यामुळे तीन आठवड्यांत बरंच कळतं. ती विद्यार्थिनी सध्या चौथ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय दुसराच आहे, पण सकाळची फेरी ती कुणाला करू देत नाही.